स्वस्त पेडल आणि जाड तारा: एका वेळी एकच बदल

गिटार हातात जरा बसली की बहुतेकांना दोन खर्चांचे वेध लागतात. पायाखाली एखादं स्वस्तातलं पेडल (गिटारच्या केबलमध्ये जोडून आवाज बदलणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा) हवं असतं, आणि जाड तारा लावल्या की आवाज भरदार होतो असं ऐकलेलं असतं, तर त्याही लावून बघायच्या असतात. दोन्ही गोष्टी बहुधा एकदमच मागवल्या जातात आणि तिथेच घोळ होतो. नव्या तारा चढवल्या, पेडल जोडलं, उत्साहात अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा संच) नेहमीपेक्षा थोडा मोठा केला आणि आवाज एकदम भारी! पण कशामुळे? तारा जाड आहेत म्हणून की नुसत्या नव्या आहेत म्हणून? पेडलमुळे की आवाज वाढलाय म्हणून? हे कळलं नाही तर पुढची खरेदीही अंदाजपंचेच होते.

म्हणून खालचा क्रम पाळा. हा क्रम इलेक्ट्रिक गिटारसाठी आहे. अकूस्टिकचा ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो खालचा भाग) लाकडावर चिकटवलेला असतो, तारांची ओढ फार वाढली तर तो उचलला जाऊ शकतो, त्यामुळे तिथे कारागिराला विचारल्याशिवाय फार जाड सेट लावू नये. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर तर स्टीलच्या तारा कधीच चढवू नका. तेवढी ओढ सोसायला ती बनवलेलीच नसते.

आधी आहे त्याच जाडीचा नवा सेट

तारा काळवंडल्या असतील, बोट फिरवल्यावर खरखरीत लागत असतील, तर पहिलं काम म्हणजे सध्या आहे त्याच जाडीचा नवा सेट लावणं. कोरी तार लखलखीत वाजते. घाम आणि मळ वाइंडिंगमध्ये (जाड तारांवर गुंडाळलेल्या बारीक तारेत) बसत गेला की तो लखलखाट उतरतो. जुन्या मेलेल्या नऊच्या सेटची (हे आकडे तारांच्या जाडीचे, लगेच पुढे येतात) नव्याकोऱ्या दहाच्या सेटशी तुलना केली तर दहाचा सेट जिंकणारच, पण ती जाडीची करामत नसते.

पाकिटावरचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. ०.००९ ते ०.०४२ म्हणजे बोलताना ‘नऊचा सेट’, ०.०१० ते ०.०४६ म्हणजे ‘दहाचा’. पहिला आकडा सगळ्यात बारीक तारेचा, शेवटचा सगळ्यात जाड तारेचा. नवीन इलेक्ट्रिक गिटारवर कंपनीकडून बहुधा या दोनपैकीच एक सेट आलेला असतो. आपल्यावर कुठला आहे हे माहीत नसेल तर गिटारच्या मॉडेलची माहिती बघा किंवा व्हर्नियर कॅलिपरने पहिली तार मोजा. नऊची तार ०.२३ मिलिमीटर भरते, दहाची ०.२५.

पेडल जोडण्याआधी अ‍ॅडॉप्टर

पेडल पहिल्याच दिवशी बिघडतं ते बहुतेक वेळा चुकीच्या अ‍ॅडॉप्टरमुळे. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनचा मधला भाग ऋण असावा लागतो. घरातल्या इतर उपकरणांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बरेचदा नेमकं उलटं, म्हणजे मधला भाग धन असतो. पिन मात्र तशीच दिसते आणि खोबणीत बसतेही. अ‍ॅडॉप्टरवर आणि पेडलवर एक छोटं चित्र छापलेलं असतं: मधे टिंब, भोवती अर्धवट गोल, दोन बाजूंना अधिक आणि वजा. टिंबाला जोडलेली रेघ कुठल्या चिन्हाकडे जाते ते दोन्हीकडे सारखं हवं. काही फझ (आवाज खूप खरखरीत फाडणाऱ्या) पेडलमध्ये हे उलटं असतं, त्यामुळे गृहीत धरू नका, बघा.

व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. मिलिअँपिअर मात्र पेडलच्या गरजेइतके किंवा त्याहून जास्त चालतात, कारण पेडल लागेल तेवढाच करंट ओढतं. साधं ओव्हरड्राइव्ह (आवाज हलकासा फाडणारं पेडल) काही मिलिअँपिअरवर भागवतं, प्रतिध्वनी देणाऱ्या डिजिटल डिलेला किंवा घुमारा देणाऱ्या रिव्हर्बला शंभर किंवा त्याहून जास्त लागू शकतात. पेडल बॅटरीवर चालणारं असेल तर एक लक्षात ठेवा: इनपुटमध्ये केबल घातली की बॅटरी सुरू होते. पायाचं बटण बंद असलं तरी ती खर्च होत राहते. वाजवून झालं की केबल काढायची.

‘पेडल घूं करतंय’ ही नवख्यांची नेहमीची तक्रार. परत पाठवण्याआधी दोन गोष्टी करून बघा. बॅटरीवर चालवा, घूं गेलं तर दोष अ‍ॅडॉप्टरचा. नाही गेलं तर गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला घूं कमी होत असेल तर ते सिंगल कॉइल पिकअपने (तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या भागाने) पकडलेलं घरातल्या विजेचं गुणगुणणं आहे, आणि पेडल ते फक्त मोठं करून ऐकवतंय.

पेडल ऐकायचं कसं

अ‍ॅम्प स्वच्छ आवाजावर ठेवा. अ‍ॅम्पच्या सगळ्या नॉबचा फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर ‘परवा कुठे होतं बरं’ असा प्रश्न पडत नाही. गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे. पेडलचा ड्राइव्ह (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) शून्यावर, टोन मध्यावर. आता लेव्हल (पेडलमधून निघणारा आवाज किती मोठा ते ठरवणारा नॉब) असा लावा की पेडल चालू केलं काय आणि बंद केलं काय, आवाजाचा मोठेपणा सारखाच वाटेल.

हे करायला कंटाळा येतो, पण सगळी गोम इथेच आहे. आवाज वाढला की कानाला खालचे आणि वरचे सूर मधल्यांच्या तुलनेत जास्त भरून ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून आलेखच मांडले. परिणाम असा की थोडं मोठं वाजणारं कुठलंही पेडल ‘जास्त भरदार’ वाटतं. दुकानात पेडल आवडतं आणि घरी आवडत नाही, त्यामागे बरेचदा एवढंच असतं.

मग एकेक नॉब पूर्ण शून्यापासून पूर्ण टोकापर्यंत फिरवा. बाकीचे हलवायचे नाहीत. ड्राइव्ह वाढवला की मोठेपणाही वाढतो, म्हणून प्रत्येक वेळी लेव्हल खाली आणून पुन्हा बरोबरी साधा. स्वस्त पेडलमध्ये एक खोड हमखास आढळते: नॉब अर्ध्याहून जास्त फिरेपर्यंत काही फरकच पडत नाही आणि मग शेवटच्या बोटभर अंतरात सगळं घडतं. तो दोष असला तरी वाजवण्यात अडत नाही, फक्त माहीत असावा.

वाजवायचं काय? रोजचंच एखादं, हातात पक्कं बसलेलं. त्यात या चार गोष्टी येऊ द्या: खालच्या जाड तारांवरची पॉवर कॉर्ड (फक्त मूळ आणि पाचवा सूर असलेली), पूर्ण सहा तारांची मेजर कॉर्ड, वरच्या फ्रेटवरचा एकटा सूर, आणि तोच सूर विरेपर्यंत सोडून दिलेला. पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनमध्येही सहसा साफ राहते, पण मेजर कॉर्डमधला तिसरा सूर आला की चांगल्या आणि सुमार पेडलमधला फरक कळतो. विरणाऱ्या सुराकडेही कान द्या. तो हळूहळू स्वच्छ होत संपतो, की फसफसत मधेच तुटतो? शेवटी गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणा. आवाज निवळला तर ते पेडल हाताला साथ देणारं आहे. माझ्या मते स्वस्त ओव्हरड्राइव्हची सगळ्यात मोठी परीक्षा हीच.

लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) असेल तर तो पेडलच्या आधी लावा, एक तुकडा रेकॉर्ड करून फिरत ठेवा आणि मग पेडलचे नॉब फिरवा. दर वेळी वाजवणं तंतोतंत तेच राहतं, हाताच्या चढउताराचा प्रश्न मिटतो.

आता दुसरी कामगिरी. ओव्हरड्राइव्ह पेडल स्वच्छ अ‍ॅम्पमध्ये, घरच्या बारीक आवाजात, बरेचदा पातळ आणि नाकातून बोलल्यासारखं वाटतं. ते पेडल वाईट असतं असं नाही. अ‍ॅम्प स्वतःच आवाज फाडायला लागेल इतपत वर न्या, पेडलचा ड्राइव्ह अगदी कमी आणि लेव्हल भरपूर ठेवा. इथे पेडल स्वतः फार फाटत नाही, अ‍ॅम्पला पुढे ढकलतं. ट्यूब स्क्रीमर (आयबानेझ कंपनीचं गाजलेलं ओव्हरड्राइव्ह) जातीची पेडलं वर्षानुवर्षं अशीच वापरली जातात. दोन्ही प्रकारे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका.

स्वस्तात नक्की काय स्वस्त असतं

ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शनचं सर्किट मुळात साधं असतं: एखादी ऑप-अँप चिप, दोन-तीन डायोड, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर. सिग्नल मोठा करायचा आणि डायोडने त्याची टोकं छाटायची, एवढंच. स्वस्त पेडलं बहुतेक वेळा जुन्या नामांकित आराखड्यांवरच बेतलेली असतात. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर सत्तरच्या दशकाच्या अखेरीचं, बॉसचं डीएस-१ हे १९७८ चं. ट्यूब स्क्रीमरमधली गाजलेली ४५५८ चिपसुद्धा खरं तर अगदी साधी, सर्रास मिळणारी. त्यामुळे आवाजात स्वस्त पेडल मूळ पेडलच्या बरंच जवळ जाऊ शकतं, यात नवल नाही.

काटकसर होते ती जॅक, पायाचं बटण, नॉबखालचे पॉट (फिरवायचे रेझिस्टर) आणि डबा यांत. म्हणून परत करण्याची मुदत आहे तोवर हे तपासा. पेडल चालू ठेवून केबल जॅकमध्ये हलकेच हलवा, आवाज जातो-येतो का? बटण सलग वीसेक वेळा दाबा, एकदाही अडकता कामा नये. नॉब फिरवताना चरचर होते का? थोडी असेल तर नॉब दोन्ही टोकांपर्यंत पुष्कळदा फिरवल्यावर जाते, नाही गेली तर पॉट खराब. मग पेडल बंद ठेवून त्यातून वाजवा आणि नंतर तीच केबल थेट अ‍ॅम्पला लावा. बंद पेडलमधून वरचे सूर बोथट होत असतील तर ते ध्यानात ठेवा, पुढे तीन-चार पेडलं जोडाल तेव्हा ते जाणवेल.

प्लॅस्टिकच्या डब्याला घरी काही होत नाही. स्टेजवर अंधारात बूट घालून दाबायचं असेल तर मात्र धातूचाच घ्यावा.

किती जाड?

पेडलशी ओळख झाली, आता तारा. आणि इथे पहिला सल्ला: एकच पायरी चढा. नऊवर असाल तर दहा, दहावर असाल तर अकरा.

एका हजारांशाने काय होणार, असं वाटतं. पण साध्या तारेची ओढ तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नऊची तार त्याच सुराला दहाची केली की ओढ सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. वाजणाऱ्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या, म्हणजे स्ट्रॅटसारख्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) गिटारवर नऊचा पूर्ण सेट नेकला साधारण ३८ किलोंनी ओढतो, दहाचा ४७ किलोंनी. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या गिटारवर ही लांबी पावणेपंचवीस इंचांच्या आसपास असते, तिथे तोच सेट सुमारे सहा टक्के सैल लागतो. मित्राच्या गिटारवर दहाचा सेट मऊ लागला आणि आपल्यावर कडक, याचं कारण बरेचदा हेच.

सूर उतरवला की ओढही उतरते. अर्धा सूर खाली लावल्यावर सुमारे ११ टक्के, पूर्ण एक सूर खाली लावल्यावर वीस टक्क्यांहून थोडी जास्त. म्हणजे अकराचा सेट एक सूर खाली उतरवला की हाताला जवळजवळ नेहमीच्या सुरातल्या दहासारखाच लागतो. जाड तारांचा खरा उपयोग इथे आहे. खाली उतरवलेल्या सुरात बारीक तारा लोंबकळतात, फ्रेटवर आपटतात, जोरात छेडल्यावर सूर वर उडी मारून मग खाली येतो. जाड तारा तिथे ताठ राहतात.

‘जाड तार म्हणजे मोठा टोन’ हे मात्र सरसकट खरं नाही. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन तेराच्या तारा वापरायचा हे सगळे सांगतात, तो गिटार अर्धा सूर खाली लावायचा हे सांगायचं राहून जातं. दुसरीकडे झीझी टॉप बँडचा बिली गिबन्स सातच्या तारांवर वाजवतो आणि त्याच्या आवाजाला कुणी पातळ म्हणत नाही. ब्लॅक सॅबथ बँडच्या टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली, म्हणून तो बारीक तारांकडे वळला, आणि हेवी मेटलचा जाडजूड आवाज त्यातूनच घडला.

विकत घेताना इलेक्ट्रिकचाच सेट घ्या, निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलचा. अकूस्टिकच्या ब्राँझ वाइंडिंगच्या तारा पिकअपच्या चुंबकाला नीट उत्तर देत नाहीत.

तारा चढवणे

सगळ्या तारा एकदम काढू नका, एक काढा, एक लावा. नेकवरची ओढ एकदम शून्यावर जात नाही आणि हलता ब्रिज जागेवर राहतो. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात, प्रत्येक वेढा आधीच्या खाली. सुरात आल्यावर तार मधोमध धरून हलकेच वर ओढा, पुन्हा सुरात लावा. सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करत राहा, मगच टोक कापा.

आता नटकडे (नेकच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) नीट बघा. सहावी तार आधी ०.०४२ होती, आता ०.०४६ आहे, पण नटची खाच तेवढीच आहे. तार खाचेत बुडायच्या ऐवजी वर अडून बसली असेल, किंवा खुंटी पिळताना काहीच होत नाही आणि मग ‘टिंग’ आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो, तर तार खाचेत अडकतेय. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा, बरेचदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर खाच किंचित रुंद करावी लागते. ते योग्य जाडीची कानस असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. खाच एकदा जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि नटच बदलावा लागतो.

गिटार रात्रभर तशीच ठेवा. वाढलेल्या ओढीने नेक पुढे वाकायला वेळ घेतो. दुसऱ्या दिवशी तपासा: सहावी तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर हात लावू नका. त्याहून बरीच जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, वाक सांभाळणारा धातूचा दांडा) घड्याळाच्या दिशेने आवळा, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी, आणि नेमक्या मापाच्या चावीनेच. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. रॉड घट्ट लागला, हलत नाहीसा वाटला, तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या.

स्ट्रॅटसारखा हलता ब्रिज असेल तर तो पुढे झुकून मागची बाजू उचललेली दिसेल. मागचं झाकण काढून स्प्रिंग धरणाऱ्या पट्टीचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळा किंवा एक स्प्रिंग वाढवा. इथे धीर लागतो: एक तार सुरात आली की बाकीच्या उतरतात, ब्रिज पुन्हा हलतो, असं बराच वेळ चालतं. ब्रिज पक्का बसवलेला असेल तर तुम्ही सुटलात.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा राहणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा येत असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, म्हणजे नटपासून लांब सरकवा, उतरा येत असेल तर पुढे. जाड तारांना सॅडल बहुधा थोडं मागेच न्यावं लागतं.

बोटांना थोडे दिवस द्या

पहिल्या दिवशी बेंड (तार आडवी सरकवून सूर चढवणं) अर्धवट राहतील आणि सूर कमी पडेल. गंमत अशी की तार आधी जेवढी सरकवत होता जवळजवळ तेवढीच सरकवायची असते, फक्त जोर जास्त लागतो. म्हणून एका बोटाने ढकलू नका: तिसऱ्या बोटाने तार दाबा, मागे पहिलं आणि दुसरं बोट टेकवा आणि मनगटातून वळा. बोटांची टोकं दुखली तर चालेल, मनगट किंवा कोपर दुखायला लागलं तर थांबा आणि पुढच्या वेळी कमी वेळ वाजवा.

तारांबद्दलचं मत आठवड्याच्या आत बनवू नका. तोवर कोरेपणाचा लखलखाटही उतरतो आणि उरतो तो जाडीचा खरा आवाज. उजव्या हाताकडेही लक्ष द्या. ताठ तारांवर जोरकस स्ट्रमिंग जास्त नेमकं येतं, काहींना जाड तारा आवडतात ते एवढ्याचसाठी.

आता दोन्ही एकत्र

पेडल त्याच जुन्या जागी, अ‍ॅम्प फोटोतल्यासारखा. पण आवाज आधीसारखा येणार नाही. पिकअपच्या वर आता जास्त लोखंड थरथरतंय, त्यामुळे पेडलमध्ये जाणारा सिग्नल थोडा मोठा असू शकतो आणि पेडल आधीपेक्षा लवकर फाटायला लागतं. आधी ड्राइव्ह कमी करून बघा. खालच्या तारा तरीही अंगावर येत असतील तर पिकअपची त्या बाजूची उंची एक-दीड फेरा कमी करा. एक स्क्रू, एक स्क्रूड्रायव्हर, खर्च शून्य, आणि फरक बहुतेक पेडल बदलण्याइतका.

इथे पेडलच्या जातीचा प्रश्न येतो. ट्यूब स्क्रीमर जातीचं सर्किट सुमारे ७०० हर्ट्झच्या खालचे सूर कमी फाडतं आणि मधल्यांना पुढे आणतं. जाड तारा, खाली उतरवलेला सूर आणि वर असं पेडल, ही जोडी छान जमते, खालच्या पॉवर कॉर्ड घट्ट आणि सुटसुटीत येतात. फझ मात्र खालचं सगळं तसंच घेऊन फाडतं. बारीक तारांवर जे फझ रसाळ वाटत होतं तेच जाड तारांवर गिचमिड होऊ शकतं. तसं झालं तर गिटारचा व्हॉल्यूम आठावर आणा किंवा ब्रिजजवळच्या पिकअपवर जा, पेडल विकायला काढण्याआधी एवढं कराच.

आणि महिनाभराने वाटलं की नऊच बरा होता, तर खुशाल परत जा. फक्त सगळं उलट्या क्रमाने करायचं: ट्रस रॉड आवळलाय तेवढा सैल करा, नाहीतर कमी ओढीत नेक मागे वाकून पहिल्या काही फ्रेटवर तारा खडखडतील. स्प्रिंगचे स्क्रूही तेवढेच सोडा आणि इंटोनेशन पुन्हा तपासा. नटच्या खाचा रुंद करून घेतल्या असतील तर बारीक तार त्यात आडवी हलते का ते बघा. हलत असेल तर नवा नट लागेल, म्हणूनच कानस शेवटी.